दोन हजारांचा मेसेज

२०२० च्या एप्रिलात आमच्या तात्यांच्या मोबाईलवर मेसेज आला. दोन हजार जमा, पीएम-किसानचा हप्ता. वर्षाला तीन हप्त्यांत मिळणाऱ्या ६००० मधलाच हा. लॉकडाऊन लागल्यावर २६ मार्चला गरीब कल्याण पॅकेज जाहीर झालं, त्यात तो लवकर सोडला एवढंच. तात्या मात्र "सरकारनं कोरोनाचं पाठवलं" म्हणून गल्लीभर सांगत फिरले, मास्क हनुवटीला अडकवून.

माझी रोपवाटिका सोलापूरला, केगावच्या अंगाला. जागा भाड्याची. सातबाऱ्यावर माझं नाव नाही, म्हणजे योजनेच्या लेखी मी शेतकरीच नाही. शेडनेटखाली डाळिंबाच्या गुट्या, म्हणजे झाडावरच्या फांदीला मुळं फोडून केलेली रोपं, मोगरा, जास्वंद. गिऱ्हाईक शून्य. गुट्यांची मुळं काळ्या पिशवीचं बूड फोडून जमिनीत घुसली होती. पिशवी उचलली की टर्रकन आवाज यायचा आणि अर्धी मुळं खालीच राहायची. आपलं ऊन तर माहितीच आहे. विक्री बंद, पण पाणी दिवसातून दोनदा.

तात्यांनी त्यातले पाचशे माझ्या हातावर ठेवले. "नव्या पिशव्या आण," म्हणाले.

मी मोटारीचं लाइट बिल भरलं. त्यांना अजून सांगितलेलं नाही.