मुंबई ते दिल्ली : अंतराचा हिशेब

दोन शहरांमधले हवाई अंतर नकाशावरून स्वतः काढून पाहण्यात मला मनापासून आनंद वाटतो. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशाच्या जरा वर, तर दिल्ली साडेअठ्ठावीस अंशांच्या आसपास. एका अक्षांशाला सुमारे १११ किलोमीटर धरले आणि रेखांशांतला सव्वाचार अंशांचा फरक पायथागोरसच्या रीतीने त्यात मिळवला, की उत्तर सुमारे ११४० किलोमीटर येते. रेल्वेने हेच अंतर जवळपास १३८५ किलोमीटर भरते. ताशी ८०० किलोमीटर वेगाने उडणाऱ्या विमानाला हवाई अंतर कापायला दीड तासही लागू नये. तरी वेळापत्रकात दोन तासांहून अधिक वेळ असतो, कारण धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढण, उतरण आणि उतरण्याआधी आकाशात घालाव्या लागणाऱ्या घिरट्या, हे सारे त्यात धरलेले असते.