चुन्याची बोटं

आंजर्ले, बुधवार रात्र

झोप येत नाही. दिवसभर वाळूत चालून पाय ठणकतायत, जेवण पोटभर झालंय, पंखा आहे, मच्छरदाणी आहे, तरी येत नाही. आत सगळे गाढ झोपलेत. मी ओटीवर येऊन बसलेय आणि समोर तोच खांब आहे.

घर सुंदर आहे, हे आधी लिहून ठेवते. आल्या आल्या मी सगळीकडे हात लावून पाहिलं. जांभ्याच्या भिंतींना सिमेंट कुठेच लावलेलं नाही, दगडांमधल्या दर्जासुद्धा चुन्यात भरल्यात. वासे आणि रिपा नव्या, आढं मात्र जुनंच ठेवलंय. माजघरात लाल कोबा, अनवाणी पायांना गार लागतो. मागीलदारी उरलेली जुनी मंगळुरी कौलं रचून ठेवलीत. त्यातल्या एकावर बासेल मिशनचा छाप निघाला. यांनी लगेच लेकीला सांगितलं की मंगळूरला त्या लोकांनी 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ती गलबतांतून किनाऱ्यानं सगळीकडे गेली. एरवी मीही ऐकत बसले असते.

3 जून 2020 ला, निसर्ग वादळात, ह्या घराचं अर्धं छप्पर गेलं. काकू सांगत होत्या. सगळे माजघरात एका कोपऱ्यात बसलेले, आणि बाहेर पोफळी कडाकडा मोडत होत्या. एक एक आवाज मोजत होते म्हणाल्या, नंतर मोजायचं सोडून दिलं. आता वाडीत नवीन पोफळी ओळीनं उभ्या आहेत, अजून अंग न धरलेल्या. “वाडीत राहून सुपारी दापोलीहून आणायची, हे कधी केलेलं नव्हतं गं,” एवढंच त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. मग मुलांनी ठरवलं, पाडायचं नाही, परत उभं करायचं, आणि खर्च निघावा म्हणून पाहुणे ठेवायचे. आम्ही ते पाहुणे.

तर खांब. झोपाळ्याच्या डाव्या हाताचा. बाकीचे सगळे खांब घासून, तेल देऊन चकचकीत केलेत. ह्या एकावरच वीतभर जागा तशीच सोडलीय. तिथे चुन्याची बोटं आहेत. पान लावून झालं की बोटाला उरलेला चुना पुसलेला, वर्षानुवर्षं, एकावर एक. पांढरा आता करडा झालाय, पापुद्रे धरलेत, मध्येच काताचा तपकिरी ओघळ आहे. झोपाळ्यावर बसल्यावर हात सहज पोचतो, बरोबर तेवढ्याच उंचीवर. मी बसून पाहिलं. पोचतो.

“सुतार तिथेपण रंधा मारायला निघालेला. म्हटलं, तेवढं सोड रे. मामंजींची बोटं आहेत ती.”

मी काही बोलले नाही. चहा पुढे केला त्यांनी, तो घेतला.

1991 चा मे. दादाचं लग्न, व्याही येणार, आणि आमची ओटी कशी दिसते याची लाज फक्त मला वाटत होती. मला कोणी सांगितलं नव्हतं. आप्पांच्या, माझ्या आजोबांच्या, खांबावरचा चुना मी आधी सुरीनं खरवडला, मग पॉलिश पेपर मारला, मग आकाशी ऑइलपेंटचे दोन हात दिले. दोन दिवस लागले. नख लावलं तरी डाग सापडू नये इतकं छान काम केलं होतं.

आप्पा देवळातून आले, पाय धुतले, झोपाळ्यावर बसले. पान काढलं, देठ खुडला, शिरा काढल्या, चुना लावला, सुपारी, कात, घडी घातली, तोंडात टाकलं. आणि बोट वर गेलं. खांबाच्या चार बोटं अलीकडे थांबलं. त्यांनी खांबाकडे पाहिलं, मग बोटाकडे. मग धोतराच्या सोग्याला पुसलं. मी दारात उभी होते. “छान दिसतंय हो,” म्हणाले.

पस्तीस वर्षं होत आली. एवढ्यासाठी आज झोप जावी?

घर पडलं त्याचं रडून झालंय माझं. आप्पांनंतर दर वर्षी शाकारणी कोणी करायची यावरून फोन, मग फोनसुद्धा नाहीत. सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली दोघं अमेरिकेत. एका पावसात कौलं सरकली, दुसऱ्यात वासे कुजले, चौथ्या की पाचव्यात आढं बसलं. ते सगळ्यांचं मिळून झालं. त्यात माझा वाटा सतरावा, आणि तेवढा मी सोसला. पितळी डब्याचं काय झालं ते वहिनीला माहीत. जाऊ दे.

पण ते बोट माझ्या एकटीचं आहे. ते कोणाशी वाटून घेता येत नाही. दादाला सांगितलं तर म्हणेल, कुठला खांब? आणि काकूंचा मला राग का यावा, हेही कळत नाही. त्यांनी काय केलं? सून होत्या त्या. मी नात होते. नातीनं खरवडलं आणि सुनेनं राखलं. दुपारपासून हेच मनात घोळतंय, आणि दर वेळी मी कमीच भरते.

गुरुवार, दुपार

सकाळी कड्यावरच्या गणपतीला गेलो. वरून सुवर्णदुर्ग अगदी स्वच्छ दिसत होता. तिथेच हे म्हणाले, दाभोळला फेरीबोटीत गाडी घालू, पलीकडे धोपाव्याला उतरलं की तुमचं गाव किती लांब, बघून येऊ. मी नको म्हटलं. काय बघायचं, जोत्यावर माजलेलं रान? त्यांनी परत विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं नंतर वाटलं, पण तेव्हाही मी नकोच म्हटलं असतं.

परत आले तर काकू पडवीत रातांबे फोडत होत्या. मीही बसले. साल एकीकडे, गर आणि बिया दुसरीकडे. रसात मीठ घालायचं, सालं त्यात बुडवून उन्हात वाळवायची, परत बुडवायची, परत वाळवायची. अशी पुटं चढली की आमसूल काळंभोर होतं. पाऊस यायच्या आत उरकायला हवं म्हणून त्या घाईत होत्या. बोटं लाल झाली आणि खाली बघत बघत मी सगळं सांगून टाकलं. सुरी, पॉलिश पेपर, आकाशी रंग, सोगा. सगळं.

त्या ऐकत होत्या, हात चालूच. मग म्हणाल्या, “मीपण घासलेली ती बोटं एकदा. लग्न होऊन आले त्या वर्षी, दिवाळीला. राखेनं. दुसऱ्या दिवशी मामंजींनी परत पुसलंन तिथेच.” आणि हसल्या.

मला हसू आलं नाही, कारण मी दुसऱ्याच गोष्टीपाशी अडकले. आप्पांनी का नाही परत पुसलं? त्यानंतर सात वर्षं ते त्याच झोपाळ्यावर बसले, रोज दोनदा पान खाल्लं. व्याही येऊन गेले, लग्न जुनं झालं, माझंही झालं. ऑइलपेंटवर चुन्याचं एक बोट उठलं असतं तर घरात कोणी हूं की चूं केलं नसतं, मीसुद्धा नाही. पण खांब आकाशीच राहिला. झोपाळ्याच्या कडीला एक जुना पंचा अडकवलेला असायचा. एका टोकाला पांढरा, कडक झालेला. मी दर सुट्टीत तो धुवायला टाकायचे आणि तो कशासाठी आहे हे एकदाही विचारलं नाही.

त्यांनी माझा रंग राखला होता.

हे मनात आल्यावर मी रातांबे तसेच ठेवून वाडीत गेले. पोफळींना पाणी सोडलं होतं, पाटात पाय घालून बराच वेळ उभी राहिले.

जेवणानंतर काकूंनी तबक पुढे केलं. मी पान लावलं, फार दिवसांनी. शिरा काढायला विसरले नव्हते. बोटाला चुना उरला. खांब हाताशी होता आणि काकू बघत होत्या, नाही म्हणाल्या नसत्या. मी पदराला पुसला.

संध्याकाळी दादाचा फोन. सह्यांचं परत काहीतरी निघालंय, तलाठ्याकडे एकदा सगळ्यांनी जायला हवं म्हणतो. येते म्हटलं. मग विचारलंन, घर कसं आहे गं, जिथे उतरलायत ते?

चांगलं आहे म्हटलं. काल रात्री वळवाचा पाऊस झाला, कुठे गळलं नाही.