ग्रँड कॅनियन, एक दिवस आणि ‘सगळे आले की निघू’

आमच्या ग्रुपच्या ग्रँड कॅनियन ट्रेकच्या नोंदणी फॉर्ममध्ये टी-शर्टचा साइज विचारला होता. जेवण व्हेज, नॉनव्हेज की जैन, हे विचारलं होतं. फोटो फेसबुकवर टाकले तर चालतील का, हेसुद्धा. ‘शेवटचा डोंगर कधी चढलात आणि केवढा?’ हा प्रश्न मात्र कुठेच नव्हता. मी तसं कळवलंही. उत्तर आलं, “अरे, आपलीच माणसं आहेत, सांभाळून घेऊ की!” ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी हे सांभाळून घेणं मला चांगलंच महागात पडलं. तो राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगतो.

बेत असा: ॲरिझोनातल्या ग्रँड कॅनियनच्या दक्षिण काठावरून साउथ कैबाबच्या वाटेने कोलोरॅडो नदीपर्यंत उतरायचं आणि ब्राइट एंजलच्या वाटेने त्याच दिवशी वर यायचं. उतरण सात मैल, चढण साडेनऊच्या वर. सुरुवात ७,२६० फुटांवर, नदीकाठ साधारण २,४८० फुटांवर आणि शेवट ६,८४० फुटांवर. म्हणजे चढ चार हजार तीनशे फुटांहून जास्त, कळसूबाईच्या चढाच्या जवळपास दीडपट. सह्याद्रीत आधी दमछाक होते, मग गडावर पिठलं-भाकरी, मग गुडघे सांभाळत खाली. इथे सगळं उलटं. ताज्या दमाने उतरायचं आणि जीव नकोसा झाला की चढायला लागायचं. त्यामुळे सकाळी प्रत्येकाला वाटतं, आपल्याला सहज जमतंय.

एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका, असं इथल्या राष्ट्रीय उद्यानवाल्यांनी पाट्या लावून बजावलं आहे. या पाट्या शोभेच्या नाहीत. उन्हाळ्यात तळाशी पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि तिथे माणसं खरोखर दगावतात. ऑक्टोबरात सरासरीने काठावर दुपारी १८ अंश आणि तळाशी २९ असतं, म्हणून आम्ही तो महिना निवडला. लोकांची आधी नावनोंदणी करून असा गट खाली न्यायचा तर उद्यानाचा वेगळा परवाना लागतो. तो आयोजकांनी वेळेत काढला होता. कागदोपत्री सगळं चोख. फिनिक्सहून साडेतीन-चार तासांचा प्रवास, रात्रीचा मुक्काम, पहाटेची बस, कशात काही अडचण आली नाही. साउथ कैबाबच्या सुरुवातीपर्यंत खासगी गाडी नेऊ देत नाहीत, पहाटे ट्रेकर लोकांसाठी बस असते. तिच्या वेळा महिन्यानुसार बदलतात, तेवढं आदल्या दिवशी बघून ठेवा.

नियम पहिल्याच वळणावर जाहीर झाला. प्रत्येक थांब्यावर सगळे जमायचे, मोजदाद करायची, शेवटचा माणूस आला की निघायचं. ऐकायला किती छान! पण वीसेक माणसांत चालण्याचे चार वेग असतात. पुढचे सीडर रिजला पोहोचून पाणी पिऊन, पाय झटकून तयार झाले, तेव्हा मागचे ‘ऊ-आह पॉइंट’वर सेल्फी काढत होते. स्केलेटन पॉइंटवर तेच. टिप-ऑफला तेच, तेही उन्हात. साउथ कैबाब ही कड्याच्या धारेवरून जाणारी वाट आहे. नजारा अफाट, पण सावली नावालाच आणि पाणी वरपासून नदीपर्यंत कुठेच नाही. तीन लिटर तरी पाठीवर हवंच. त्यातलं लिटरभर आम्ही कोणाची तरी वाट बघण्यात संपवलं.

सीडर रिजवर खारींपासून सावध राहा. गोंडस दिसतात, पण चावतात, आणि बॅग उघडी नसेल तर कुरतडून उघडतात. एका वहिनींच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्याला रुपयाएवढं भोक पाडून एक खार राजगिऱ्याचा लाडू घेऊन गेली. कागदासकट.

तळाशी कोलोरॅडो नदीवर असलेल्या काळ्या पुलाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. बोगद्यातून एकदम या झुलत्या पुलावर बाहेर पडलो तेव्हा दिवसभरात पहिल्यांदा सगळे गप्प झाले. १९२८ साली हा पूल बांधला तेव्हा त्याचे जाडजूड मुख्य केबल हवासुपाई या इथल्या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांनी खांद्यावर घेऊन याच खड्या वाटेने खाली आणले. आपण पाठीवरच्या दोन किलोंची तक्रार करत तिथे पोहोचतो. आजूबाजूचा काळपट, चकाकणारा विष्णू शिस्ट नावाचा खडक पावणेदोनशे कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराचा. वर काठावरचा चुनखडक सत्तावीस कोटींचा. एका सकाळीत एवढा काळ उतरून आलो खरे, पण माझं लक्ष घड्याळाकडे होतं. साडेदहाला यायचे ते साडेबाराला पोहोचलो होतो.

पूल ओलांडला की फँटम रँच हे तळाचं मुक्कामाचं ठिकाण. तिथे लिंबू सरबत मिळतं, ते प्याच. खेचरांवरून वर जाणारी पोस्टकार्डंही तिथून टाकता येतात. आमच्यातल्या अर्ध्या लोकांनी टाकली. या थांब्याबद्दल माझी तक्रार नाही. भर दुपारी ओढ्यात पाय सोडून सावलीत बसणं हाच शहाणपणा. उन्हाळ्यात तर दहा ते चार चालूच नका असं रेंजर, म्हणजे उद्यानाचे रक्षक, सांगतात. आमची तऱ्हा उलटी. उन्हात थांबलो, सावलीत थांबलो, आणि जिथे अजिबात थांबायला नको तिथे सर्वांत जास्त थांबलो.

ते ठिकाण हवासुपाई गार्डन्स. नदीपासून पाचेक मैल वर, काठापासून साडेचार मैल खाली. पाणी, संडास, बाकं, रेंजरचं ठाणं, कॉटनवुडची उंच झाडं. पूर्वी याला इंडियन गार्डन म्हणत. इथे शेती करून राहणाऱ्या हवासुपाई कुटुंबांना उद्यानाने हुसकावून लावलं होतं. ते नाव २०२२ साली बदललं. डेव्हिल्स कॉर्कस्क्रूची वळणं चढून आम्ही पुढचे सहाजण पावणेपाचच्या सुमारास तिथे टेकलो. बाटल्या भरल्या, दशमी-चटणी खाल्ली, मीठ-साखरेचं पाणी घेतलं. पाय गरम होते, उजेड होता. पाचला निघालो असतो तर सव्वाआठ-साडेआठला वर.

पण नियम!

साडेपाचला आणखी पाचजण आले. ऊन केव्हाच कड्यावर गेलं होतं, आता तेही विझलं. वाळवंटी हवा विलक्षण कोरडी. चालताना घाम येतो तसाच उडून जातो, त्यामुळे भिजलोय हे कळत नाही. बसलं की पाठीला चिकटलेला बनियन बर्फासारखा लागतो. सहाला मी जॅकेट चढवलं, सव्वासहाला कानटोपी. लीडरदादा सगळ्यात मागच्यांबरोबर होते आणि फोनला रेंज नव्हती. म्हणजे विचारायची सोय नाही आणि परवानगीशिवाय निघायचं नाही. मांड्या आखडायला लागल्या. एकाने उठून स्ट्रेचिंग करायचा प्रयत्न केला आणि पोटरीत असा गोळा आला की दोघांनी धरून बसवलं. गाणी म्हणून झाली. अंताक्षरीत ‘ण’ आला, वाद झाला, तीही बंद पडली. तेवढ्यात एक रेंजर बाई फेरी मारत आल्या आणि किती जण, हेडलॅम्प किती, असं विचारलं. मोजले तर अकराजणांत हेडलॅम्प सात. बाकीच्यांचं म्हणणं, मोबाइलला टॉर्च आहे ना! फॉर्ममध्ये टी-शर्टऐवजी हे विचारायला काय हरकत होती?

मागचे आले तेव्हा सात वाजून गेले होते. एका काकांनी दिवसभर नुसतं पाणी ढोसलं होतं, खाल्लं काहीच नव्हतं, “मळमळतंय, नको” म्हणून. हे नीट लक्षात ठेवा: या कोरड्या हवेत मीठ न घेता पाणीच पाणी पीत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, पुढे माणूस असंबद्ध बोलायला लागतो. तहान लागली म्हणून पाणी आणि भूक नसली तरी खारं काहीतरी, हे दोन्ही हवं. तिखटमिठाच्या पुऱ्या, खारे दाणे, चिवडा, लोणच्याची फोड, आपल्याकडे सगळं आहे. काकांना लोणच्याची फोड चघळायला दिली, पुरी दिली, अर्ध्या तासात माणूस बरा दिसायला लागला. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काहीच नाही. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, ते बिचारे आले.

पावणेआठला वरात निघाली, एका रांगेत, सगळ्यात हळू माणसाच्या वेगाने. शंभर पावलं, थांबा. शंभर पावलं, थांबा. ज्यांना चालून ऊब आली असती ते उभे राहून गारठत होते. दीड तासाने थ्री-माइल रेस्टहाउस आलं. तिथून काठ अजून तीन मैल आणि दोन हजार फूट. तिथे पुन्हा मोजदाद, पुन्हा थांबा. माझ्या शेजारी बसलेल्या ताईंचे दात वाजत होते. हातमोज्यात त्यांना बाटलीचं झाकणही फिरवता येईना. मी लीडरदादांना सांगितलं, “आम्ही चौघं ताईंना घेऊन पुढे होतो.” ते म्हणाले, “नियम सगळ्यांना सारखा.” मी म्हटलं, “थंडीही सगळ्यांना सारखीच वाजतेय, दादा.” आणि निघालो.

पहिल्या चार वळणांत ताईंचं थरथरणं थांबलं. त्यानंतर त्याच आमच्या पुढे होत्या. अकराला काठावर. मागचे दीड वाजता आले, सुखरूप आले, आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर माझ्या ‘टीम स्पिरिट’वर जे बोलणं झालं ते मी अजून जपून ठेवलंय. मला त्या निर्णयाचं रतीभरही वाईट वाटत नाही.

म्हणून मोठा गट नेणाऱ्यांना माझं एकच सांगणं. चार-चार, पाच-पाचच्या तुकड्या करा, वेगानुसार. प्रत्येक तुकडीत एक जाणता, एक प्रथमोपचाराची पेटी, प्रत्येकाच्या डोक्याला हेडलॅम्प. कोणालाही एकटं सोडायचं नाही, पण तुकडीने तुकडीसाठी थांबायचं नाही. भेटायचं ते काठावर. सर्वांत हळू तुकडीला सर्वांत आधी सोडा, पहिल्या बसने. आणि उतरायला लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा. ज्याला तो हिशेब सूर्यास्तापलीकडे नेतो, त्याने सीडर रिजवरून परत फिरावं. तिथपर्यंतचं दृश्यही काही कमी नाही.

पाण्याचं राहिलंच. खालच्या नळांना येणारं पाणी उत्तरेकडच्या झऱ्यातून साडेबारा मैलांच्या नळाने येतं. तो १९६० च्या दशकात टाकलेला, आणि वारंवार फुटतो. फुटला की नळ कोरडे. त्यामुळे निघायच्या दिवशी कुठलं पाणी चालू आहे ते बघाच, आणि गाळणी किंवा शुद्धीकरणाच्या गोळ्या जवळ ठेवा. ब्राइट एंजलवरच्या वरच्या दोन रेस्टहाउसचे नळ थंडीत बंद करतात.

खेचरं आली तर दरीच्या नव्हे, डोंगराच्या बाजूला सरकून गप्प उभं राहायचं आणि हाकणारा सांगेल तसं करायचं. काठी दोन्ही हातांत हवी, एक नाही.

आणि पायाची नखं दोन दिवस आधी कापा. सात मैल उतारावर बोटं बुटाच्या टोकावर आपटत राहतात. माझी शाबूत राहिली, लीडरदादांची दोन्ही अंगठ्यांची काळी पडली.