शेजारचा बोर्ड एससीके ओढतो तेव्हा

भोसरीतल्या युनिटमध्ये ठिबकच्या कंट्रोलरचे बोर्ड प्रोग्राम करायचे होते. प्रत्येकावर एटमेगा३२८पी ही मायक्रोकंट्रोलर चिप, १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, ५ व्होल्टचा सप्लाय. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर बसणारी हॅट, म्हणजे जोडबोर्ड, आमचीच: पोगो (स्प्रिंगच्या) पिनांच्या चार जागा, एससीके (क्लॉकची तार), मोसी, मिसो (डेटाच्या जाण्या-येण्याच्या तारा) चौघांना सामाईक, रीसेट प्रत्येकाला वेगळा. चार बोर्ड एकदम दाबून धरायचे, स्क्रिप्ट चालवायची, एव्हीआरडूड हा प्रोग्राम एकेकाचा रीसेट खाली ओढून फर्मवेअर (चिपमधला प्रोग्राम) भरत जाईल.

पहिला बोर्ड झाला. दुसऱ्याची सिग्नेचर, म्हणजे चिपचा ओळख-क्रमांक, सगळी शून्यं; यायला हवं होतं १ई ९५ ०एफ. कोरी चिप क्रिस्टल असूनही १ मेगाहर्ट्झवर चालते, एससीके त्याच्या पावपटीखाली, म्हणजे २५० किलोहर्ट्झच्या आत लागतो, म्हणून पहिला संशय वेगावर. १०० किलोहर्ट्झचे ५० केले, काही फरक नाही. पिना पुसल्या, बोर्डांची अदलाबदल केली. तेव्हा दिसलं की जागा कुठलीही असो, जो पहिला तोच होतो. आणि झालेला बोर्ड काढून घेतला, की दुसराही बिनतक्रार होतो!

एससीकेवर ऑसिलोस्कोप लावला. पल्सचे तळ वर उचललेले, अर्ध्या सेकंदानं तळ जागेवर, पण माथे खाली बसलेले, पुन्हा उलट. अर्धा सेकंद ही आमच्या एलईडीची लय. एलईडी चिपच्या पीबी५ या पायावर, आणि एटमेगा३२८पीचा पीबी५ म्हणजेच एससीके. झालेल्या बोर्डाचा रीसेट सुटला, फर्मवेअर धावू लागलं, आणि तो सामाईक तार स्वतःकडे ओढत होता. रीसेटमध्ये असलेली किंवा कोरी चिप पाय मोकळे सोडते, म्हणून पहिल्या वेळी हे कळतच नाही.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून ७४एचसीटी१२५ हा चार गेटांचा बफर आयसी आणला. एससीकेचा ट्रॅक ब्लेडनं कापला, आयसी उलटा चिकटवला, चार गेट चार बोर्डांना. प्रत्येक गेटचं इनेबल त्याच बोर्डाच्या रीसेट लाइनला, रास्पबेरी पायच्या बाजूनं. दोन्ही लो असतानाच काम करतात, त्यामुळे जास्तीची एकही जीपीआयओ (रास्पबेरी पायची कंट्रोल पिन) लागत नाही. मोसी-मिसोच्या पायांना आमचं फर्मवेअर हात लावत नाही, म्हणून ते तसेच ठेवले. तुमचं लावत असेल, तर त्यांनाही गेट द्या.

तरी तिसरा बोर्ड अधूनमधून अडकायचा. एव्हीआरडूड संपलं की रीसेटची जीपीआयओ तरंगती राहते आणि गेट अर्धवट उघडतं. प्रत्येक लाइनवर ३.३ व्होल्टला १० किलोओहमचा पुलअप (लाइन वर धरून ठेवणारा रेझिस्टर) लावला. ५ व्होल्टला नाही, रास्पबेरी पायच्या पिना तेवढे सोसत नाहीत. चिपच्या बाजूचा रीसेट मात्र बफरमधूनच द्यावा लागतो; सोडताना त्याला सप्लायच्या ९० टक्के, म्हणजे ४.५ व्होल्ट लागतात.

संध्याकाळी पहिल्याचा एलईडी लुकलुकत असतानाच चौथ्याची सिग्नेचर आली: १ई ९५ ०एफ.