खोक्यावर लिहिलेलं होतं

गोष्ट 2003 सालची. गिरगावातल्या एका वाचनालयात मी कॉम्प्युटर बसवून दिला होता. विंडोजच्या परवान्याला पैसे नव्हते, म्हणून रेड हॅट 9 हे फुकट मिळणारं लिनक्स टाकलं. कार्यवाह काका लॅमिंग्टन रोडवरून स्वतः मोडेम, म्हणजे फोनलाइनवरून इंटरनेट जोडणारं यंत्र, घेऊन आले. कॉम्प्युटरच्या आत बसणारं पीसीआय कार्ड, 56के वेगाचं. 'लिनक्सवर चालेल ना?' असं त्यांनी दुकानात विचारलंही होतं. 'सगळ्यावर चालतो.' माहीत नसताना ठोकून हो म्हणणाऱ्या दुकानदारांची मला आजही चीड येते.

शनिवारी दुपारी कार्ड बसवलं. बसवलेली कार्डं दाखवणाऱ्या एलएसपीसीआयच्या यादीत चिप दिसत होती, पण मोडेम शोधणाऱ्या डब्ल्यूव्हीडायलकॉन्फला एकाही पोर्टवर मोडेम सापडेना. दोन तास गेले. शेवटी टेबलाखालचं मोडेमचं खोकं उचललं. तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं: पेंटियम एमएमएक्स, विंडोज 98.

मोडेमला प्रोसेसरची अट कशाला? तिथेच कळलं. खऱ्या मोडेमात सिग्नलचं काम करणारी चिप आणि एटी कमांड, म्हणजे मोडेमला द्यायचे हुकूम, समजणारा कंट्रोलर दोन्ही असतात. या कार्डात ती सगळी कामं कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर ढकलली होती, आणि ती करून घेणारं सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठी दिलं होतं. चिपवाल्यांचा लिनक्स ड्रायव्हर वेगळा मिळत होता, पण त्याचा गाभा बंद, म्हणजे कोड कुणाला बघता-बदलता येत नव्हता. सुरक्षेसाठी कर्नल, म्हणजे लिनक्सचा मुख्य भाग, बदलला की तो पुन्हा बसवायला हवा. तो कोण बसवणार?

काका म्हणाले, "आज चालू होतंय ना? मग द्या करून."

मी नाही म्हटलं. दुकानदार माल परत घेईना. "तुमच्या हट्टापायी वाचनालयाचे पैसे गेले," काका एवढंच बोलले आणि वर्तमानपत्रं लावायला लागले.

रविवारी मी घरचा जुना एक्स्टर्नल मोडेम नेला. सीरियल पोर्टचा, कारण यूएसबीवाल्यांतही काहींत हीच फसगत असायची. मोडेमशी थेट बोलता येणाऱ्या मिनिकॉममध्ये एटी टाइप केलं, खाली ओके उमटलं. डायल केल्यावर ओएचचा, म्हणजे फोन उचलल्याचा, दिवा लागला, मग ती ओळखीची खरखर, आणि सीडीचा, म्हणजे पलीकडचा मोडेम जोडला गेल्याचा, दिवा. वेग 45333 बिट्स सेकंदाला. काका खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले.

तरी त्या शनिवारी ड्रायव्हर घालून द्यायला हवा होता का, हे मला अजून ठरवता येत नाही. त्यांचं पहिलं ईमेल एक दिवस आधी गेलं असतं. काकांनी ते कार्ड खोक्यासकट कपाटात ठेवलं आणि डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, नोंद केली: मोडेम, एक नग.