विकायचं कशाला?

"काका, विकायचं कशाला? धरून ठेवायचं!"

दांडिया बाजारात शेजारच्या मुलाने आज हे इतक्या भाबडेपणाने सांगितलं की क्षणभर मला बोलवेना. लिस्टिंगआधीचं, म्हणजे एक्स्चेंजवर यायच्या आधीचं, क्रिप्टो टोकन (डिजिटल नाणं), 'रोज एक टक्का पक्का', मित्र आणले की बोनस. मी एवढंच विचारलं होतं की उद्या पैशांची गरज पडली तर विकता येईल का.

मग त्याच्याच मोबाईलवर ब्लॉक एक्सप्लोरर, म्हणजे कुणाच्या वॉलेटमध्ये (खात्यात) किती टोकन आहेत ते दाखवणारा वेब-शोधक, उघडला. (फुकट असतो, पण बघतो कोण!) निम्म्याहून जास्त टोकन एकाच वॉलेटमध्ये. लिक्विडिटी, म्हणजे टोकन विकणाऱ्याला ज्यातून पैसे मिळतात तो साठा, लॉक नाही; म्हणजे बनवणारे कधीही सगळा साठा काढून पसार होऊ शकतात. आणि हे बनवणारे कोण? वेबसाइटवर नुसती कार्टूनं.

रोज एक टक्क्याच्या आसपास परतावा सांगणारं असंच एक क्रिप्टो, बिटकनेक्ट, जानेवारी २०१८ मध्ये गुंडाळलं गेलं. २०२१ मध्ये स्क्विड टोकन २,८०० डॉलरच्या वर गेलं, पण ज्यांनी घेतलं त्यांना ते विकताच येत नव्हतं. भाव मिनिटांत शून्यावर.

पोरगा जरा गप्प झाला. मग म्हणाला, "पण ग्रुपवर सगळे खूश आहेत."

शंका विचारली की ग्रुपमधून काढतात, हे त्यानेच मघाशी सांगितलं होतं. तुमच्या घरातलं कुणी आहे का असल्या ग्रुपात?