जपानी शाळेत इंग्रजी: मिल्कला टाळ्या किती?

जपानमध्ये २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, वर्षाला ७० तास. तिसरी-चौथीला ३५, म्हणजे आठवड्याला जेमतेम एक. तिथे पहिल्यांदा शिकवायला जाणारा परदेशी माणूस बहुतेक वेळा 'एएलटी', म्हणजे सहायक असतो. वर्ग असतो 'तान्निन'चा, वर्गशिक्षकाचा. तासाआधी पाच मिनिटं त्यांच्याशी 'उचिआवासे' करून घ्या: शब्द कोणते, खेळ कोणता, कोण कधी बोलणार. हे राहिलं की दोघं एकाच वेळी बोलायला लागतात, नाहीतर ते मागे वह्या तपासत बसतात आणि समोर तुम्ही एकटे.

तास ४५ मिनिटांचा. नमस्कार आणि उजळणी १०, नवे शब्द १०, खेळ १५, लिखाण ५, शेवटची ५ मिनिटं 'फुरिकाएरी'ची, म्हणजे आज काय जमलं ते मुलं कागदावर लिहितात ती. नवे शब्द सहा ते आठ, त्याहून जास्त नकोत. पहिल्या तासाला बारा शब्द घेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. आठव्यानंतर मुलं नुसती ओठ हलवतात.

खरी अडचण उच्चारांची. जपानी मुलं इंग्रजी शब्द काताकानातून ऐकतात, आणि त्या लिपीत 'न्' सोडला तर शब्दाच्या शेवटी सुटं व्यंजन येत नाही. म्हणून मिल्कचं 'मिरुकु' होतं, सिक्सचं 'शिक्कुसु'. 'नीट म्हणा' म्हणून काही होत नाही. टाळी वाजवा: 'मि-रु-कु'ला तीन, 'मिल्क'ला एक. एका टाळीत शब्द बसवायचा म्हटलं की जादाचे स्वर मुलं आपोआप गिळतात. फळ्यावर काताकानात उच्चार लिहून देऊ नका, मग तोच पक्का होतो.

तिसरीत मुलं रोमाजी, म्हणजे रोमन अक्षरांत जपानी लिहायला शिकतात. तिथे वर्षानुवर्षं चालत आलेल्या, २०२५ पर्यंत अधिकृत असलेल्या कुनरेई पद्धतीत 'टी-आय' म्हणजे 'चि' आणि 'टी-यू' म्हणजे 'त्सु'. म्हणून 'टायगर' वाचताना मूल 'चि'वर अडखळलं तर तो आळस नव्हे, शाळेनंच शिकवलेलं ते.

आता आपल्याकडचं. मराठी माणसाचा 'र' जिभेचं टोक टेकवून येतो, जपानी 'र'च्या जवळ जाणारा. तो वापरलात तर मुलांना 'राइट' आणि 'लाइट' सारखेच ऐकू येतात. इंग्रजी 'आर'ला जीभ कुठेच टेकू देऊ नका. दुसरा घोटाळा 'व'चा. आपण 'वेस्ट' एकाच 'व'नं म्हणतो, मग बनियन असो की पश्चिम दिशा. जपानी मूल त्यातल्या 'व्ही'चा 'ब' करतं. वरचे दात खालच्या ओठावर टेकवून आधी आरशासमोर आठवडाभर सराव करा, मगच मुलांना दाखवा.

वही तपासताना तर हमखास फसगत होते. आपण बरोबर उत्तरापुढे टिक मारतो. जपानमध्ये ती खूण चुकीची. बरोबरला 'मारु', म्हणजे गोल. सगळ्या टिका मारलेली वही परत मिळाली की मूल काही विचारत नाही, गप्प होतं, आणि तुम्हाला कळतही नाही. फारच छान जमलं असेल तर गोलाभोवती पाकळ्या काढायच्या: 'हानामारु'. लाल पेनानं, घाई न करता.

खेळांत कारुता सोपा. चौघांचा गट, मध्ये १२ चित्रं, तुम्ही शब्द म्हणायचा, मुलांनी पत्त्यावर हात मारायचा. शब्द पूर्ण होईपर्यंत हात डोक्यावर, हा नियम आधीच सांगा, नाहीतर एकच चपळ पोरगं सगळे पत्ते पळवतं. दोन हात एकदम पडले तर निवाडा 'जानकेन'वर, म्हणजे दगड-कागद-कात्रीवर सोडा. तिथली मुलं हरली तरी तो निकाल निमूट मानतात, तुमचा मानतीलच असं नाही.

'कोणाला येतं?' असं विचारलंत तर तीस-पस्तीस मुलं बाकाकडे बघतात. आधी शेजाऱ्याशी दहा सेकंद बोलू द्या, मग जोडीला विचारा.

जेवणाच्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसू नका. 'क्युशोकु', म्हणजे शाळेचं जेवण, वर्गातच असतं; पांढरे अंगरखे घातलेली मुलंच वाढतात, आणि 'इतादाकिमास' म्हटल्याशिवाय कुणी घास घेत नाही. ताटाशेजारी २०० मिलीचं दुधाचं खोकं असतं. ते उचला आणि एक टाळी वाजवा.